पान २४०वर मिटलेलं पुस्तक

पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. शाळेत असल्यापासून मी फॅन्टसी वाचत आले आहे. नकाशे, राजघराणी, जादूचे नियम, कुठल्या कुळाचं कुणाशी वैर, यात मी तहानभूक विसरते. आमच्या वाचनगटातल्या एका मित्राने त्याच्या लाडक्या ट्रिलॉजीचा पहिला भाग मला वाचायला दिला. सातशे पानांचा ठोकळा. पहिल्याच प्रकरणात साथीच्या रोगात नायकाचं अख्खं घर जातं, तरी पहिली शंभर पानं मला इतकी आवडली की पुढचे दोन भाग मी विकतच घेऊन ठेवले. मग हळूहळू छळाची वर्णनं वाढत गेली. पान २४०च्या आसपास भाडोत्री सैनिक एका गावात शिरतात. सलग सहा पानं. एका बाईवरचा अत्याचार, तिच्या नवऱ्याचे हाल, कुठलं हत्यार कुठे चालवलं इथपर्यंत सगळं. त्यांची लहान मुलगी कोठीत लपलेली असते. खेळता खेळता पळालेली, मातीची शिट्टी ओठांतच राहिलेली. ती वाजू नये म्हणून ती श्वास धरून बसते.

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी पुढचं प्रकरण चाळलं, तर तेच सैनिक खाणावळीत फासे खेळत विनोद करत होते. मुलीचं नावही नाही. त्यानंतर हात लावला नाही.

मित्र म्हणतो, "युद्ध असंच असतं. महाभारतात काय कमी रक्त आहे? तू फार हळवी आहेस. दुसऱ्या भागात सगळ्याचा अर्थ लागतो." मला अपराधी वाटतंय. घेतलेले दोन भाग समोर दिसतात. ती मुलगी रात्री डोळ्यांसमोर येते. रागाच्या भरात मी 'हे पुस्तक कुणीही वाचू नका' असा एक-स्टार रिव्ह्यूसुद्धा लिहून ठेवलाय, टाकलेला नाही. मी पुन्हा प्रयत्न करू का? वाईट प्रसंग गाळून वाचू? की खरंच माझ्यातच दम नाही?

— अर्ध्यावरची वाचक

ता. क. मित्राकडून शेवट विचारून घेतला तर ती लबाडी होईल का?


उत्तर

प्रिय वाचक,

पुन्हा प्रयत्न करू नका. तुम्ही पुस्तक सोडलं आहे, ते सोडलेलंच राहू द्या. आता फक्त त्या अपराधीपणाचा निकाल लावायचा बाकी आहे, आणि तो लावायला तुमच्या पत्रातच पुरेसा मजकूर आहे.

आधी दमाचं बोलू, कारण ते तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलेलं दिसतंय. सॅम्युअल जॉन्सन हा अठराव्या शतकातला इंग्रजीतला दांडगा समीक्षक. १७५५ मध्ये त्याने इंग्रजीचा कोश सिद्ध केला, १७६५ मध्ये शेक्सपिअरची नाटकं संपादित केली. फटकळ माणूस, भीड म्हणून नाही. त्या संपादनात 'किंग लिअर'वर टीप लिहिताना तो सांगतो की पूर्वी लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया हिच्या मृत्यूचा आपल्याला इतका धक्का बसला होता की संपादक म्हणून तपासावे लागेपर्यंत नाटकाचे शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचं आपण टाळलं. आता या माणसात दम नव्हता असं तुमच्या मित्राला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू दे. वाचलेलं अंगाला लागतं त्यालाच ते सोसेनासं होतं. ज्याला काहीच होत नाही तो सहा काय, साठ पानं वाचून जेवायला बसेल, आणि त्यात शौर्य काही नाही.

शिवाय तुम्हाला मृत्यूचं वावडं नाही हे तुम्हीच लिहिलंय. पहिल्याच प्रकरणात नायकाचं घर साथीत जातं आणि तुम्ही पुढचे भाग विकत घेता! हळवा वाचक तिथेच थांबला असता. तुम्ही थांबलात ते दुसरीकडे, आणि कुठे थांबलात ते बघण्यासारखं आहे.

पत्रातली एक गोष्ट मी दोनदा वाचली. सहा पानांच्या हिंसेतून तुमच्या लक्षात काय राहिलं? हत्यारं नाहीत. ती तुम्ही एका ओळीत उरकलीत. राहिली ती ओठांतली शिट्टी. म्हणजे लेखकाला लिहिता येतं. श्वास सोडला तर आवाज होईल, एवढ्या एका तपशिलात त्या घरातलं सगळं आलं. भिंतीपलीकडे काय चाललंय ते आपण त्या मुलीच्या छातीत साठलेल्या श्वासावरून ओळखतो. आणि मग त्याच लेखकाने, हाती एवढं लागलेलं असताना, भिंत पाडून आत कॅमेरा नेला. का? बहुधा वाचकावर विश्वास नव्हता म्हणून. आपण न दाखवलेलं त्याला कळेल का, ही धाकधूक असली की लेखक मोजमापं द्यायला लागतो.

त्याहून मोठी खोट पुढच्या प्रकरणात आहे, आणि ती तुम्हीच पकडलीत. फासे, विनोद, मुलीचा पत्ता नाही. क्रूर माणसं क्रौर्यानंतर हसतात, हे खरंच आहे; ते लिहायलाही हरकत नाही. पण ते हसतात तेव्हा कुणाला तरी ती कोठी आठवत असायला हवी. पात्रांना नसेल तर निदान कथन करणाऱ्याला. इथे कुणालाच आठवत नाही असं दिसतं. मग ती सहा पानं कशासाठी होती? सैनिक दुष्ट आहेत हे सांगायला? ते तर त्यांच्या पहिल्या संवादातच कळलं असणार. अशा वेळी गावातली माणसं पात्रं उरत नाहीत, नेपथ्य होतात. मला वाटतं तुम्हाला राग आला तो याचा. किळस आधी आली आणि राग मागून, म्हणून दोन्हीची सरमिसळ झाली.

आता महाभारत. हा मुद्दा तुमचा मित्र हुकमाच्या एक्क्यासारखा टाकतोय, पण पान त्याच्याच अंगावर उलटतं. रक्त कमी नाही, कबूल. भीम दुःशासनाचं रक्त पितो. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री झोपलेल्या छावणीत शिरतो आणि धृष्टद्युम्न 'निदान शस्त्राने मार' म्हणत असताना त्याला लाथांनी तुडवून मारतो. आजच्या कुठल्याही काळ्याकुट्ट कादंबरीने हेवा करावा असा प्रसंग. पण त्याच्या मागोमाग काय येतं? स्त्रीपर्व. गांधारी रणभूमीवर उभी राहून एकेक देह बघते, नाव घेऊन बघते, कुणाची बायको कुठे बसलीय ते सांगते, आणि शेवटी कृष्णाला शाप देते. जेवढं मारलं त्या सगळ्याचा हिशोब मागितला जातो. अठरा दिवसांच्या युद्धानंतर महाकाव्य थेट खाणावळीत फासे खेळायला बसत नाही.

आपल्याकडे या प्रश्नावर विचार झालेला नाही असंही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत आणि त्यात बीभत्स आहे, भयानक आहे. किळस ही कलेत येण्याजोगी गोष्ट आहे, हे तिथे मान्यच आहे. पण त्याच ग्रंथात असंही सांगितलंय की युद्ध, राज्यनाश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातून, सांगाव्यात. ग्रीक शोकांतिकांतही तसंच: ईडिपस आपले डोळे फोडतो ते आत, आणि बाहेर येऊन सांगतो तो दूत.

आणि हा नियम मोडणारेही होतेच. प्राचीन संस्कृत नाटककार भासाचं 'ऊरुभंग' घ्या. त्यात दुर्योधन रंगमंचावर, आपल्या डोळ्यांसमोर मरतो. पण भास मोडतो ते कसं बघा. गदायुद्ध तो दाखवत नाही. ते सैनिकांच्या तोंडून येतं. दाखवतो ते त्यानंतरचं. मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवरून स्वतःला ओढत येतो आणि त्याचा लहानगा मुलगा, दुर्जय, सवयीने त्याच्या मांडीवर बसायला जातो. बाप त्याला अडवतो. बस एवढंच. मांडी मोडली म्हणजे काय मोडलं, हे गदेच्या एकाही घावाच्या वर्णनाने कळलं नसतं इतकं तिथे कळतं. तेव्हा क्रूर प्रसंग लिहू नये असं माझं म्हणणं नाही, तुमचंही नसावं. डोळे कशावर रोखायचे, एवढाच वाद आहे.

'युद्ध असंच असतं' हे वाक्य मला नेहमी थोडं गमतीदार वाटतं, कारण ते बहुतेक वेळा ड्रॅगन असलेल्या पुस्तकाबद्दल ऐकू येतं. ड्रॅगन चालतो, मेलेली माणसं उठून चालतात तेही चालतं, फक्त अत्याचाराची पानं तेवढी वास्तवाच्या आग्रहाखातर! काल्पनिक जगात जे आहे ते लेखकाने ठेवलं म्हणून आहे. तिथे कुणी दातदुखीवर सहा पानं लिहीत नाही, आणि दातदुखी युद्धाइतकीच खरी असते. बरं, प्रत्यक्ष युद्ध पाहिलेले लोक असंच लिहितात म्हणावं, तर तेही नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टॉल्किन १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता, त्याचे जवळचे मित्र त्या महायुद्धात गेले. पुढे १९५४-५५ मध्ये आलेल्या त्याच्या महाकादंबरीत युद्ध भरपूर आहे, दलदलीत पाण्याखालून बघणारे मेलेल्यांचे चेहरे आहेत, पण शरीराची चिरफाड मोजून दिलेली नाही. तसं लिहिणं हीच एकमेव योग्य रीत, असं मी म्हणत नाही. पण 'खरं लिहायचं तर असंच लिहावं लागतं' हा दावा तेवढ्याने निकालात निघतो.

मित्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तुम्ही ज्याला चुकून हात लावलात तो फॅन्टसीचा एक रुळलेला उपप्रकार आहे. ग्रिमडार्क म्हणतात त्याला. १९८७ मध्ये आलेल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या घोषवाक्यातून ते नाव पडलं. दूरच्या भविष्यातल्या त्या भीषण अंधारात फक्त युद्धच आहे, अशा अर्थाचं ते वाक्य. या प्रकाराचे चाहते विकृत नसतात. कितीतरी जणांना सगळं गोड होणाऱ्या गोष्टी खोट्या वाटतात. काहींनी आयुष्यात वाईट पाहिलेलं असतं, आणि जगाचं वाईटपण उघड मान्य करणारं पुस्तक त्यांना सोबत करतं. काहींना नुसता थरार हवा असतो, आणि त्यातही गुन्हा काही नाही. तुमचा मित्र यातला कोण ते मला माहीत नाही. त्याने तुम्हाला दुखवायला पुस्तक दिलं नाही एवढं नक्की. फक्त देताना 'अमुक पानावर असं आहे, सांभाळून' एवढं सांगितलं असतं तर हे पत्र आलं नसतं.

म्हणून त्या रिव्ह्यूबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. तो तसा टाकू नका. 'मी सोडलं' हे तुम्ही म्हणू शकता, 'कुणीही वाचू नका' हे नाही. २४० पानं वाचून सातशे पानांवर शिक्का मारायचा, आणि तोही सगळ्यांच्या वतीने, हे मित्राच्या 'तू हळवी आहेस'इतकंच अन्यायाचं आहे. पण लिहिलेलं सगळं फाडूनही टाकू नका. तुम्ही कुठे थांबलात आणि का, ही माहिती दुसऱ्या वाचकाला सोन्याइतकी मोलाची असते. साधं लिहा: पहिल्या भागाची २४० पानं वाचली, जग सुरेख उभं केलंय, साथीचं प्रकरण उत्तम; पुढे लैंगिक अत्याचार आणि छळ यांची दीर्घ, तपशीलवार वर्णनं आहेत, त्यातल्या बळींची कथेत पुढे दखल घेतलेली मला दिसली नाही, म्हणून थांबले. स्टार देऊ नका. असा मजकूर वाचून एखादी तुमच्यासारखी वाचक वेळीच सावध होईल, आणि एखादा तुमच्या मित्रासारखा वाचक पुस्तक उचलेलही. दोघांचंही काम होईल.

गाळून वाचण्याबद्दल विचारलंय. हा उपाय वाईट नाही, मी स्वतः कितीतरी पुस्तकांत युद्धाची पानं उडवत गेले आहे आणि माझं काही अडलेलं नाही. पण तो चालतो कुठे? जिथे नको असलेला मजकूर दोन-चार ठिकाणी एकवटलेला असतो आणि बाकीच्या पुस्तकाशी तुमचं सूत जुळलेलं असतं, तिथे. इथे तुमचा भरवसाच उडालाय. प्रत्येक पान उलटताना आता पुढे काय वाढून ठेवलंय या धास्तीने वाचणं म्हणजे वाचन नव्हे, पहारा. त्यापेक्षा नको.

आणि 'दुसऱ्या भागात अर्थ लागतो' याचं साधं गणित करा. पहिल्या भागाची ४६० पानं उरलीत. पानाला दोन मिनिटं धरली तरी पंधरा तासांच्या वर. तेवढं सोसल्यावर अर्थ लागायला सुरुवात होणार! लागतही असेल, मी नाकारत नाही. पण एवढा वेळ उधारीवर मागणाऱ्या लेखकाने आधीच्या २४० पानांत थोडी पत कमवायला हवी होती. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा एक प्रसिद्ध नियम आहे: पुस्तकाला पन्नास पानं द्या, मग ठरवा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. वय वाढेल तसा वेळ कमी उरतो, म्हणून ही सवलत. शंभरी गाठली की नुसतं मुखपृष्ठ बघून निकाल द्यायला मोकळे. तुम्ही जवळजवळ पाचपट पानं दिलीत.

विकत घेतलेल्या दोन भागांची टोचणीही समजते. पैसे दिले की वस्तू वसूल करायची खोड माणसाला आहेच. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी याची छान परीक्षा घेतली होती. नाट्यहंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत विकली, काहींना आयत्या वेळी सवलत दिली. नाटकं तीच. तरी पूर्ण किंमत मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त प्रयोगांना गेले. नाटक आवडलं म्हणून नव्हे, पैसे गेले होते म्हणून. तुमचे पैसे गेले ते गेले. वाचलं तरी परत येणार नाहीत, न वाचलं तरी नाहीत. वाचलं तर रात्रीची झोपही जाईल एवढाच फरक. ते दोन भाग अशा कुणाला तरी द्या ज्याला हा प्रकार आवडतो. देताना आत काय आहे ते सांगून द्या.

रात्रीचं मात्र गंभीरपणे घेते. डोळ्यांसमोर चित्र येत राहतं त्याला 'विसर आता' हा उपाय नसतो. विसरायचं ठरवलं की ते आणखी ठळक होतं. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काही लोकांना त्रासदायक दृश्यांची फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यांच्यातल्या काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. तेच, वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचं. पुढच्या आठवड्यात टेट्रिस खेळलेल्यांच्या मनात ती दृश्यं कमी वेळा आपोआप उमटली. डोक्याचा जो भाग चित्रं घोळवतो त्यालाच खेळाने कामाला लावलं, असं त्यामागचं स्पष्टीकरण. तो प्रयोग फिल्मवर होता, कादंबरीवर नाही, आणि तुम्हाला वाचून बरेच दिवस झालेत, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण रात्री ते चित्र आलं की डोळे मिटून त्याच्याशी झुंजण्यापेक्षा उठून काहीतरी डोळ्यांचं आणि हातांचं काम घ्या. तुकडे जुळवायचं कोडं, विणकाम, रंगवणं, काहीही. झोपण्यापूर्वी काही दिवस अगदी ओळखीचं, दहादा वाचलेलं पुस्तक वाचा.

त्या प्रसंगाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेल्या कशाशी धागा असेल, तर तो मला, मित्राला किंवा वाचनगटाला सांगण्याचं कसलंही बंधन तुमच्यावर नाही. 'मला नको' हे कारण म्हणून पुरतं. आणखी काही आठवडे झोप मोडतच राहिली तर मात्र समुपदेशकाशी बोला. पुस्तकामुळे काय जायचं, असा संकोच करू नका.

पुढच्या वेळी थोडी चौकशी करून पुस्तक उचला. स्टोरीग्राफसारख्या वाचकांच्या संकेतस्थळावर वाचकच कंटेंट वॉर्निंग, म्हणजे पुस्तकात त्रासदायक काय आहे याची सूचना, नोंदवतात, आणि नुसतं 'हिंसा आहे' असं नाही, तर ती ओझरती आहे, मध्यम आहे की तपशीलवार, हेही नोंदवलेलं असतं. तुमच्या बाबतीत हा शेवटचा फरकच कामाचा आहे, कारण तुम्हाला मरण चालतं, युद्ध चालतं, साथ चालते. हे स्पॉइलर आहेत म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांनी बघू नये. वाचनगटातही पुस्तक सुचवणाऱ्याने दोन ओळी सांगायच्या असा रिवाज पाडता आला तर बघा. नियम केला की लोक हिरमुसतात. तुम्ही स्वतः सुचवताना सांगायला लागलात तर बाकीचे आपसूक शिकतील.

मित्राला पुस्तक परत करताना वाद घालायला जाऊ नका, आणि माफीही मागू नका. "पहिली शंभर पानं फार आवडली, साथीचं प्रकरण तर विसरणार नाही. गावावरच्या हल्ल्याशी मात्र थांबले, पुढे वाचणार नाही," एवढं पुरे. तो 'हळवी' म्हणाला तर त्याला एकच विचारा: त्या कोठीतल्या मुलीचं पुढे काय झालं? त्याने तिन्ही भाग वाचलेत. त्याला चटकन सांगता आलं तर दुसऱ्या भागाबद्दल तो बरोबर होता, आणि हे त्याच्याजवळ मोकळेपणाने कबूल करा. कबूल केलं म्हणजे वाचायला हवं असं नाही. आणि त्याला आठवावं लागलं, पानं चाळावी लागली, तर तुम्ही का थांबलात हे समजावून सांगायची गरज उरणार नाही.

ता. क.चं उत्तर: लबाडी कसली? जरूर विचारा. परीक्षा थोडीच द्यायचीय? फक्त आधी बजावून ठेवा की गोष्ट सांग, वर्णनं नकोत. आवडतं पुस्तक दुसऱ्याला सांगायला मिळालं की माणसं खुलतात. तिन्ही भाग अर्ध्या तासात सांगून होतील, आणि कदाचित पुस्तकापेक्षा बरे.

— ताई